जीमेलचा स्पॅम फिल्टर: कागदपत्रे तपासतो, नियत नाही

जीमेलचे परीक्षण आज कोणी कशाला लिहावे, असे वाटणे साहजिक आहे. १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेली ही सेवा इतकी अंगवळणी पडली आहे की पारखून घेण्याची वस्तू म्हणून तिच्याकडे पाहण्याची सवयच राहिलेली नाही. नवा अँड्रॉइड फोन हातात आला की खाते उघडले जाते आणि मग विमा, डीमॅट, गॅसजोडणी, मुलांचे प्रवेशअर्ज अशा सगळ्या ठिकाणी तोच पत्ता नोंदवला जातो. परंतु ई-मेल आजही वापरण्याजोगा राहिला आहे तो मुख्यतः स्पॅम अडवणाऱ्या व्यवस्थेमुळे, आणि नेमक्या त्याच भागाची चिकित्सा ग्राहकाच्या बाजूने फारशी होत नाही. म्हणून येथे जीमेलच्या विनामूल्य वैयक्तिक खात्यातील स्पॅम फिल्टरचा आणि त्याच्याशी जोडलेल्या सोयींचाच विचार केला आहे. हे खाते मी संगणकावर आणि फोनवर दोन्हीकडे रोज वापरतो. शिवाय आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्याची बाजूही मला परिचयाची आहे.

फिल्टरची पारख करण्याआधी तो कशाशी झुंजतो हे लक्षात घ्यावे लागते. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतील गॅरी थ्युअर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटपूर्वीच्या संगणक-जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले, आणि न मागता आलेल्या जाहिरातीच्या मेलचा इतिहास तेथून मोजला जातो. पुढे १९८२ मध्ये ई-मेल पोहोचवण्याचे जे नियम जॉन पोस्टेल यांनी लिहिले, ज्यांना आपण एसएमटीपी म्हणतो, ते विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांमधल्या मोजक्या मंडळींसाठी होते. ही मंडळी परस्परांना ओळखत असल्याने प्रेषकाच्या रकान्यात लिहिलेले नाव खरे आहे की खोटे, हे तपासण्याची तरतूद त्या नियमांत ठेवलीच गेली नाही. त्या पायावर आजचा सगळा डोलारा उभा आहे, आणि म्हणूनच बँकेच्या, आयकर विभागाच्या किंवा तुमच्या स्वतःच्या नावानेही मेल लिहिणे तांत्रिकदृष्ट्या कोणालाही शक्य असते. त्यातच एक मेल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्यामुळे लाखांतून एखादा गळाला लागला तरी पाठवणाऱ्याचे भागते. परदेशी लॉटरी लागल्याचे सांगून आधी 'प्रक्रिया शुल्क' मागणारे मेल हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालतो तो याच हिशेबावर. रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह लावून असे मेल पाठवले जातात आणि आपण कोणालाही असे पैसे वाटत नाही, असे त्या बँकेला पुन्हापुन्हा जाहीर करावे लागते.

जीमेलची व्यवस्था या पोकळीला तीन जोड-नियमांच्या आधारे बुजवू पाहते. एसपीएफ या नियमानुसार प्रत्येक डोमेनचा, म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या नावाचा, मालक आपल्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे याची यादी जाहीर करतो. डीकेआयएमनुसार मेलवर डिजिटल स्वाक्षरी होते, जिच्यामुळे मजकुरात वाटेत फेरफार झाला तर तो उघड होतो. आणि डीमार्क हा तिसरा नियम या दोन्हींची सांगड प्रेषकाच्या रकान्यात दिसणाऱ्या पत्त्याशी घालतो आणि तपासणीत नापास झालेल्या मेलचे काय करावे हेही सांगतो. यांपैकी एकही शोध केवळ गुगलचा नाही आणि इतर सेवाही हे नियम पाळतात. मात्र फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मिळून जो आग्रह धरला त्याचे श्रेय द्यायलाच हवे. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही नियम सक्तीचे झाले, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीसरशी नाव काढून घेण्याची सोय देणे भाग पडले, आणि वाचकांच्या स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारात तीनांपेक्षा कमी, ठेवण्याची अट आली. जे काम कायद्याने व्हायला हवे होते ते दोन कंपन्यांच्या दाराशी झाले, यात समाधान मानायचे की चिंता करायची हा प्रश्न वेगळा आहे.

ही झाली कागदपत्रांची तपासणी. त्यानंतर फिल्टर पाठवणाऱ्या सर्व्हरची आजवरची वर्तणूक पाहतो, इतर वाचकांनी त्याच धर्तीच्या मेलबद्दल काय तक्रारी केल्या हे पाहतो, आणि मग मजकुराकडे वळतो. मजकुराची तपासणी एके काळी ठरावीक शब्द शोधण्यापुरती होती, आणि स्पॅम पाठवणाऱ्यांनी ती अक्षरांमध्ये अदृश्य चिन्हे घुसवून, सारख्या दिसणाऱ्या परक्या लिपीतील अक्षरांची अदलाबदल करून किंवा इमोजी पेरून सहज निष्प्रभ केली. यावर उतारा म्हणून गुगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये रेटवेक नावाची पद्धत जाहीर केली, जी अशी मोडतोड केलेली अक्षरेही ओळखते आणि कोणत्याही भाषेतील मजकुरावर चालावी अशा रीतीने रचलेली आहे. तिच्यामुळे स्पॅम ओळखण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी सुधारले आणि चांगल्या मेलवर चुकून होणारी कारवाई १९.४ टक्क्यांनी घटली, असे कंपनी सांगते. एकूण पाहता स्पॅम, फसवे आणि विषाणूवाहक असे ९९.९ टक्क्यांहून अधिक मेल आपण अडवतो आणि ही संख्या दिवसाला सुमारे पंधरा अब्ज भरते, असाही गुगलचा दावा आहे. ही कंपनीने स्वतःच्या हाताने भरलेली गुणपत्रिका आहे, हे विसरू नये; आणि ती तंतोतंत खरी मानली तरी उरलेला एक दशांश टक्का ढोबळ हिशेबाने दिवसाला दीड कोटीच्या घरात जातो.

प्रत्यक्षात हे सारे कसे चालते ते पाहण्यासाठी माझ्या स्पॅम फोल्डरमध्ये येऊन पडलेला एक मेल घेऊ. विवरणपत्रे भरण्याचा हंगाम संपत आला की असे मेल अनेकांना येतात. प्रेषकाचे नाव इंग्रजीत 'इन्कम टॅक्स डिपार्टमेंट' असे, वर राजमुद्रा, आणि मजकूर असा की तुमचा परतावा मंजूर झाला आहे, परंतु बँक खात्याची पडताळणी चोवीस तासांत न केल्यास तो रद्द होईल. संबोधन 'प्रिय करदाते' एवढेच होते. नाव नाही, पॅनचा एकही आकडा नाही. नावाशेजारचा पत्ता उघडून पाहिला तर तो परदेशातील एका फर्निचरच्या दुकानाच्या डोमेनवरचा निघाला, ज्याच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरले असावे. संगणकावर मेलच्या उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांखाली 'शो ओरिजिनल' हा पर्याय असतो; तो उघडल्यावर जे दिसले ते मात्र विचार करायला लावणारे होते, कारण एसपीएफसमोर 'पास' असे स्वच्छ लिहिलेले होते. त्यात चूक काहीच नव्हती. मेल खरोखरच त्या दुकानाच्या सर्व्हरवरून निघाला होता आणि त्या डोमेनला तशी परवानगीही होती. फक्त दुकानाचा आणि आयकर विभागाचा काडीमात्र संबंध नव्हता, आणि ही गोष्ट एसपीएफच्या कक्षेत येतच नाही. फिल्टरने त्याला पकडले ते वेगळ्या वाटेने, कारण मेलच्या माथ्यावरच्या पट्टीत असे कारण दिले होते की पूर्वी स्पॅम ठरलेल्या मेलशी याचे साम्य आहे.

स्पॅम का ठरवले याचे कारण सांगणारी ही पट्टी मला या सेवेतील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित सोय वाटते. कारण एका वाक्यातच असते, पण त्यावरून शिकता येते. त्या मेलमधल्या बटणावर टिचकी न मारता केवळ माउसचा बाण नेऊन ठेवला की पडद्याच्या तळाशी खरा दुवा दिसतो, आणि दुवा वाचण्याची एकच रीत भरवशाची आहे: सुरुवातीचे 'https://' सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. सुरुवातीला 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' असे कितीही ठळक असले, तरी तिरप्या रेघेआधीचा शेवटचा तुकडा जर भलताच असेल तर घर त्या भलत्याच माणसाचे आहे. इंग्रजी लिपीतील 'आर' आणि 'एन' ही अक्षरे खेटून लिहिली की 'एम'चा भास होतो, ही युक्तीही जुनी आहे आणि फोनच्या लहान पडद्यावर आजही खपून जाते. आयकराच्या बाबतीत तर एवढी कसरत करण्याचीही गरज नसते, कारण परतावा पोर्टलवर आधीच प्रमाणित केलेल्या खात्यात आपोआप जमा होतो, त्यासाठी मेलमधल्या कोणत्याही दुव्यावर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही; आणि आपण ई-मेलवरून पिन, पासवर्ड किंवा बँकेचे तपशील विचारत नाही, असे विभागाने अनेकदा स्पष्ट केले आहे.

बँकांच्या बाबतीत उजवीकडून वाचण्याची ही सवय आता अधिकच कामाची झाली आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर करण्यास सांगितले होते, आणि त्या डोमेनची नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच होते. म्हणजे शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असलेले संकेतस्थळ कोणा भुरट्याला विकत घेता येत नाही. ग्राहकाला लक्षात ठेवायला एवढा सोपा नियम बँकिंग क्षेत्रात यापूर्वी नव्हता, आणि त्याची जाहिरात याहून कितीतरी अधिक व्हायला हवी होती.

आता फिल्टरची खरी मर्यादा. जो मेल बिनओळखीच्या सर्व्हरवरून, लाखोंच्या संख्येने आणि घासून गुळगुळीत झालेल्या मजकुरासह येतो त्याला जीमेल बहुतेक वेळा दारातच थोपवतो, यात शंका नाही. पण ज्याची कागदपत्रे अस्सल आहेत त्याच्यापुढे हीच व्यवस्था गोंधळते. एप्रिल २०२५ मध्ये उघडकीस आलेला प्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. फसवणूक करणाऱ्यांनी गुगलच्याच यंत्रणेकडून एक सुरक्षा-सूचना स्वतःच्या खात्यावर निर्माण करवून घेतली, तिच्यात आपला बनावट मजकूर येईल अशी व्यवस्था केली आणि तो स्वाक्षरी झालेला मेल जसाच्या तसा इतरांकडे पुढे पाठवला. तुमच्या खात्यातील माहिती देण्याचा कायदेशीर आदेश आला आहे, अशी बतावणी त्यात होती. मजकुराला धक्का न लागल्यामुळे डीकेआयएमची स्वाक्षरी खरीच राहिली, प्रेषकाच्या जागी गुगलचाच पत्ता दिसला, आणि दुवासुद्धा गुगल साइट्सवर उभारलेल्या पानाकडे नेत होता, जे पान गुगलच्या मदत-कक्षासारखे सजवलेले होते. तक्रारीनंतर गुगलने ही फट बुजवण्यासाठी उपाय केले. तरीही या प्रकाराचा बोध एका फटीपुरता नाही. देयके, कॅलेंडरची आमंत्रणे, फॉर्म, फाइल पाहण्याची परवानगी अशी ज्या ज्या नामांकित सेवेत परक्याला मजकूर लिहिण्याची मुभा आहे, ती सेवा उसनी घेऊन फसवा मेल पाठवता येतो आणि त्याच्या प्रत्येक रकान्यात 'पास' असे येते. मे २०२३ मध्ये प्रेषकाच्या नावापुढे, त्याची पडताळणी झाल्याचे सांगणारी निळी खूण देण्याची सोय आली, तीही या आक्षेपातून सुटलेली नाही. पुढच्याच महिन्यात एका जगप्रसिद्ध कुरियर कंपनीच्या नावाने आलेल्या बनावट मेलवर ती खूण झळकल्याचे एका सुरक्षा-अभियंत्याने दाखवून दिले आणि गुगलला अट कडक करावी लागली.

म्हणून मेल खरा की खोटा यापेक्षा तो काय करायला सांगतो, याकडे मी आधी पाहतो. घाई, भीती किंवा अनपेक्षित धनलाभ, आणि लगेच त्याखाली एक बटण किंवा दूरध्वनी क्रमांक, एवढे एकत्र आले की पत्ता तपासण्याच्याही भानगडीत न पडता तो मेल बंद करावा आणि त्या संस्थेचे संकेतस्थळ स्वतः टंकलिहून उघडावे. दूरध्वनी क्रमांकाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ज्या मेलमध्ये एकही दुवा नसतो, फक्त 'वर्गणीचे नूतनीकरण झाले, रक्कम परत हवी असल्यास या क्रमांकावर बोला' एवढेच पीडीएफमध्ये लिहिलेले असते, त्यात फिल्टरच्या हाती धरण्याजोगे फारसे काही लागत नाही. पासवर्ड लावलेल्या झिप फाइलचेही तसेच. तिच्या आत डोकावता येत नाही, आणि पासवर्ड मेलमध्येच लिहून दिलेला असणे हीच पुरेशी संशयास्पद गोष्ट मानावी.

दुसरी तक्रार उलट बाजूची आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते, या न्यायाने चांगले मेल स्पॅममध्ये जातात, आणि तेथे गेलेला मेल तीस दिवसांनी कायमचा पुसला जातो. मुलाखतीचे बोलावणे, छोट्या प्रकाशकाचे पत्र, पतसंस्थेची सूचना, शाळेच्या पालकसंघाचा मेल असे सारे या तावडीत सापडू शकते, कारण लहान संस्थांच्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी कोणी केलेल्याच नसतात. संकेतस्थळ बनवून देणारा माणूस पैसे घेऊन कधीच निघून गेलेला असतो. मेल पाठवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात फिल्टरला दोष देण्यापेक्षा आपली घडी बसवणे अधिक शहाणपणाचे ठरते. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस सप्टेंबरमध्ये सभासदांना पाठवायची असते, तेव्हा अनेक सोसायट्यांचे सचिव एकाच साध्या खात्यातून सगळ्यांचे पत्ते गुप्त प्रतीच्या रकान्यात कोंबतात, विषयाच्या ओळीत 'तातडीचे' असे लिहितात आणि जोडीला अहवालाची भली मोठी फाइल लावतात. दुरून पाहणाऱ्या यंत्राला यात आणि जाहिरातीच्या मेलमध्ये फरक तो काय दिसणार? विनामूल्य खात्यातून चोवीस तासांत ५०० जणांनाच मेल पाठवता येतो, ही मर्यादाही मोठ्या वसाहतींनी ध्यानात घ्यावी. आमच्याकडे सभासदांनी संस्थेचा पत्ता आपल्या संपर्क-यादीत जतन करावा अशी विनंती सूचनाफलकावर लावली आहे, आणि हा उपाय सर्वांत स्वस्त आहे. ज्यांना खात्रीच हवी आहे त्यांनी सेटिंगमध्ये त्या पत्त्यासाठी फिल्टर तयार करून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' हा पर्याय निवडावा.

येथे वाचकाच्या हातून होणाऱ्या एका दुर्लक्षाबद्दल बोलायला हवे. इनबॉक्समध्ये घुसलेला स्पॅम बहुतेक जण नुसता पुसून टाकतात आणि स्पॅममध्ये चुकून गेलेला चांगला मेल तेथेच वाचून सोडून देतात. दोन्ही वेळा फिल्टरला काहीच कळत नाही. 'रिपोर्ट स्पॅम' आणि 'नॉट स्पॅम' ही दोन बटणे हे त्याचे शिक्षण आहे, आणि बँक किंवा सरकारी खात्याचे सोंग घेणाऱ्या मेलसाठी संगणकावरील त्याच तीन ठिपक्यांखाली 'रिपोर्ट फिशिंग' असा स्वतंत्र पर्याय आहे, जो अधिक गंभीर समजला जातो. याउलट, स्वतःच कधीतरी नाव नोंदवलेल्या वार्तापत्राला कंटाळून त्यावर स्पॅमचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे, कारण हजारात तीनांच्या त्या अटीपायी प्रामाणिक लहान प्रकाशकही अडचणीत येतो. तेथे नाव काढून घ्यावे. मेलच्या माथ्यावर प्रेषकाशेजारी जीमेल स्वतः 'अनसबस्क्राइब' हा पर्याय देतो तो वापरावा; मात्र ओळखदेख नसलेल्याच्या मेलमध्ये तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या त्याच नावाच्या दुव्यावर जाऊ नये, कारण हा पत्ता जिवंत आहे आणि माणूस मेल वाचतो एवढेच त्यातून कळवले जाते. सगळी वार्तापत्रे एका जागी दाखवणारी 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' ही सोय जुलै २०२५ मध्ये आली आणि ती खरोखर चांगली आहे. कोण किती मेल पाठवतो हे त्यात उतरत्या क्रमाने दिसते, आणि दिवाळीत एकदा काही खरेदी केलेले दुकान वर्षभर किती बोलते हे पाहून हसू येते.

प्रमोशन्स या टॅबबद्दल मात्र मला चांगले लिहिता येणार नाही. मे २०१३ मध्ये टॅब आले तेव्हा जाहिरातीचे मेल वेगळे ठेवण्याची ती कल्पना उत्तम होती, परंतु त्याच टॅबच्या माथ्यावर गुगल स्वतःच्या जाहिराती मेलसारख्याच ओळींत दाखवतो आणि त्यांच्यावरची 'जाहिरात' ही खूण सहज नजरेतून निसटते. मेलमधील मजकूर वाचून त्यावरून जाहिराती निवडणे २०१७ मध्ये बंद करण्याचे गुगलने जाहीर केले, ही चांगली गोष्ट झाली. तरीही जाहिरातीला मेलचे रूप देऊ नये हा धडा जी सेवा जगाला शिकवते, तिने तो स्वतःही पाळावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

चित्रांच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. अनेक जाहिरातवाले मेलमध्ये एक बिंदूएवढे अदृश्य चित्र ठेवतात, आणि ते उघडले गेले की मेल वाचला गेल्याची नोंद त्यांच्याकडे होते. डिसेंबर २०१३ पासून जीमेल सर्व चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतो, त्यामुळे वाचणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्याच्या जोडणीचा क्रमांक, त्यांच्या हाती लागत नाही, मात्र मेल उघडला एवढे कळू शकते. सेटिंगमध्ये 'बाहेरील चित्रे दाखवण्यापूर्वी विचारा' अशा अर्थाचा पर्याय निवडला की हाही पिच्छा सुटतो. मी तो निवडून ठेवला आहे आणि त्यामुळे काही अडल्याचे आठवत नाही. गुगल कॅलेंडरमध्येही अनोळखी माणसाची आमंत्रणे आपोआप येऊ न देण्याचा पर्याय आहे, तो त्याच बैठकीत बदलून घ्यावा.

आपला पत्ता स्पॅमवाल्यांच्या यादीत जातो तरी कसा, याचे उत्तर बहुधा आपण विसरलेल्या एखाद्या संकेतस्थळात असते. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटल्याचे उघड झाले होते. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या विनामूल्य सेवेत आपला पत्ता घालून पाहिला की तो अशा कोणकोणत्या गळतींत सापडला हे कळते. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह आणि मग हवा तो शब्द जोडून पत्ता देता येतो, उदाहरणार्थ नावानंतर 'अधिक किराणा', आणि तरीही मेल आपल्याच पेटीत येतो. पुढे त्या पत्त्यावर भलत्याचाच मेल आला की माहिती कोठून गेली हे समजते. सोय नामी आहे, पण कच्ची आहे, कारण अधिकच्या चिन्हापासूनचा भाग वगळला की मूळ पत्ता कोणालाही मिळतो आणि काही संकेतस्थळे असे चिन्ह स्वीकारतही नाहीत. ॲपलने २०२१ पासून आयक्लाउडच्या सशुल्क ग्राहकांना पूर्णपणे वेगळा, हवा तेव्हा बंद करता येणारा पत्ता देण्यास सुरुवात केली. या एका बाबतीत जीमेल उघडपणे मागे आहे.

आणि एवढे करूनही फसगत झालीच तर ही सेवा फारशी मदतीला येत नाही, कारण विनामूल्य खातेधारकाला बोलायला माणूस मिळत नाही. कायद्याचाही विशेष आधार नाही. नको असलेल्या दूरध्वनी-जाहिरातींसाठी १९०९ वर नोंद करता येते, ई-मेलसाठी तशी नोंद आपल्या देशात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा मूळ प्रेषकाबद्दल दिशाभूल करण्यासाठी पाठवलेल्या मेलचा उल्लेख असलेले एक पोटकलम होते, पण ते संपूर्ण कलमच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, आणि त्याचा जो दुरुपयोग होत होता तो पाहता कोणी हळहळले नाही. दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केल्यास ६६ड हे कलम लागू होते. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि त्याच वेळी बँकेलाही लेखी कळवावे, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे येथे खरी किंमत मिनिटांना आहे. त्याखालोखाल जीमेलचा पासवर्ड बदलणे, अनोळखी उपकरणे खात्यातून काढून टाकणे आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम सेटिंगमध्ये कोणी घुसवून ठेवला आहे का ते पाहणे ही कामे करावीत. यांपैकी शेवटचे हमखास राहून जाते. द्विस्तरीय पडताळणी आधीपासून चालू असेल तर पासवर्ड हाती लागूनही बहुतेक भुरटे तेथेच अडतात.

पाचपैकी चार गुण मी या सेवेला देतो, आणि राखून ठेवलेला एक गुण फोनवरील ॲपपायी आहे. ज्या फोनवर बहुसंख्य लोक मेल वाचतात त्या फोनवर जीमेल प्रेषकाचे फक्त नाव ठळक दाखवतो; पत्ता पाहायचा तर मेल उघडून 'टू मी'शेजारच्या चिमुकल्या बाणावर बोट ठेवावे लागते, आणि 'शो ओरिजिनल' तर तेथे मिळतच नाही. दुव्यावर बोट दाबून धरले की पत्ता दिसतो खरा, पण ते जरा कमी वेळ धरले तर दुवाच उघडतो. आयकराचा तो मेल मी फोनवर पाहिला असता तर मला 'इन्कम टॅक्स डिपार्टमेंट' आणि राजमुद्रा एवढेच दिसले असते, फर्निचरचे दुकान दिसले नसते. निवृत्त शिक्षक, घरून छोटा व्यवसाय करणाऱ्या गृहिणी, नुकतेच खाते उघडलेले विद्यार्थी हे सगळे संगणकाशिवायच ई-मेल वापरतात, आणि ज्यांना पत्ता दिसण्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापासूनच तो लपवला जातो. नावाखाली दुसऱ्या ओळीत, बारीक का होईना, पण पूर्ण पत्ता दाखवणे गुगलला तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही; निदान अनोळखी प्रेषकाच्या पहिल्या मेलपुरते तरी ते करावे, आणि जीमेलमधील 'सेंड फीडबॅक' या पर्यायातून मी तशी मागणी नोंदवली आहे.